मेट्रो ३ ला इतकी वर्षं का लागली, आणि मेट्रो ११ येताना तुम्ही काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही भायखळ्याला जुन्या पागडीच्या इमारतीत राहता. आणिक डेपो ते गेटवे ऑफ इंडिया ही मेट्रो ११ तुमच्या भागातून जमिनीखालून जाणार, असं वाचनात आलं. बोगदा खणणारं मशीन दिवसाला दहा मीटर तरी पुढे सरकतं आणि आरे ते कफ परेड या मेट्रो ३ वर अशी १७ मशीनं होती. मग ३३.५ किलोमीटरसाठी २०२५ चा ऑक्टोबर का उजाडला? आणि एवढं करून गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला बंद का होते, लोकल तर एकपर्यंत असते.

तुमचा हिशोब आधी पुरा करतो. जाण्याचे आणि येण्याचे बोगदे मिळून साधारण ५५ किलोमीटर खणायचे होते. १७ मशीनांत वाटले तर प्रत्येकी सव्वातीन किलोमीटर. रोज दहा मीटर म्हणजे वर्षभरात काम खलास. प्रत्यक्षात पहिलं मशीन खाली उतरलं २०१७ मध्ये आणि शेवटचा बोगदा आरपार झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधली कोविडची वर्षं वजा केली तरी फरक मोठाच राहतो. म्हणजे मशीनचा वेग हा मुद्दाच नाही. मशीन खाली उतरवायला जागा कधी मिळाली, पुढच्या टोकाला त्याला बाहेर काढायचा खड्डा तयार होता का आणि निघालेला दगड रस्त्यावरून न्यायची परवानगी होती का, यावर सगळं चालतं.

मी बरीच वर्षं भुयारी स्थानकांच्या बांधकामावर काढली आणि नंतर देखभालीच्या बाजूला गेलो. मेट्रो ३ बद्दल खाली जे लिहितोय ते सगळं जाहीर आहे. साइटवरचं जे सांगतो ते कुठल्या कंत्राटाचं, हे लिहिणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘मेट्रोला किती वर्षं लागतात’ याचं सरसकट उत्तर नसतं. नागपूरला काम २०१५ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा धावू लागला. मार्ग बराचसा उन्नत आणि वर्धा रोडसारखा रुंद रस्ता हाताशी. त्याउलट आपली वर्सोवा-घाटकोपर ही मेट्रो १ सुद्धा उन्नतच, लांबी फक्त ११.४ किलोमीटर. तिचं काम २००८ ला सुरू झालं आणि गाडी धावली ८ जून २०१४ ला. अंधेरीला पश्चिम रेल्वे ओलांडायची, द्रुतगती महामार्ग ओलांडायचा आणि बाकी वाट अंधेरी-कुर्ला रोडसारख्या बोळातून काढायची. तेव्हा वर की खाली हा एक भाग झाला. रस्ता किती रुंद, आजूबाजूला कोण आणि जमीन कोणाच्या नावावर, हे त्याहून महत्त्वाचं.

आता वेळ जातो कुठे ते बघू. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त जातो पहिल्या पाच मीटरांत. बोगदा वीस-पंचवीस मीटर खाली असतो. तिथे काळा दगड, तुम्ही आणि मशीन; भांडायला कोणी नाही. पण स्थानक बांधायचं तर वरून उतरावं लागतं आणि वरच्या पाच मीटरांत दीडशे वर्षांचं शहर पुरलेलं आहे. ब्रिटिशांच्या काळातल्या विटांच्या गटारी, बिडाच्या पाण्याच्या लाइनी, विजेच्या हाय टेन्शन केबली, गॅस, फोन, शिवाय गेल्या वीस वर्षांत ज्याला जशी जागा मिळाली तशा टाकलेल्या फायबरच्या नळ्या. त्या त्या खात्याकडून नकाशे मिळतात. नकाशात लाइन फुटपाथखाली दाखवलेली असते आणि निघते रस्त्याच्या मधोमध.

म्हणून काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवणारं पायलिंगचं मशीन लावण्याआधी ट्रायल पिट घेतात. दीड-दोन मीटर रुंदीचा खड्डा, आणि तो हाताने. जेसीबी लावायची सोय नाही, कारण बकेटच्या एका दाताने अर्ध्या वॉर्डाचं पाणी जाऊ शकतं. दोन माणसं पहार आणि फावड्याने हळूहळू उकरतात, तिसरा घमेली वर देतो. डांबराचे थरावर थर, मग खडी, मग मुरूम, मग कुठलीतरी जुनी फरशी. मीटरभर खाली गेलं की पहारीचा आवाज बदलतो. हा आवाज खणणाऱ्याला आमच्या आधी कळतो आणि तो थांबतो. मग हाताने माती बाजूला करायची, केबल निघाली तर जाडी मोजायची, फोटो काढायचा आणि सगळ्या खात्यांना बोलवायचं. पाच जण येतात, खड्ड्यात वाकून बघतात आणि ‘आमची नाही’ असं लेखी देऊन जातात. बिनवारशी केबल तोडायचं धाडस कोणी करत नाही, कारण तोडल्यावर वारस हमखास उभा राहतो! मग तिचा जिवंतपणा तपासा, दोन्ही टोकं शोधा, वळवायची तर नवा चर खणायला परवानगी काढा. पावसाळ्यात रस्ते खणायला पालिका सहसा देत नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर बाद. असं एका स्थानकाच्या चारी बाजूंनी करायचं आणि मेट्रो ३ वर स्थानकं २७ आहेत, त्यांतली २६ भुयारी.

त्यानंतर रस्त्याचा निम्मा भाग बॅरिकेड लावून घ्यायचा, बाजूने काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत उतरवायची, वर पत्र्याचा किंवा काँक्रीटचा डेक टाकून वाहतूक त्यावर वळवायची, मग उरलेला निम्मा भाग घ्यायचा. वाहतूक पोलिसांची एनओसी टप्प्याटप्प्याने मिळते आणि गणपती, नवरात्र, मोहरम, निवडणूक, पाहुण्यांचा दौरा असं काहीही आलं की पुढे ढकलली जाते. यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. शहर बंद ठेवून मेट्रो बांधता येत नाही.

दगड बाहेर काढणं ही आणखी एक न दिसणारी अडचण. मशीन एका वेळी साधारण दीड मीटर खणतं, थांबतं आणि त्या जागी सिमेंटच्या तुकड्यांचं एक कडं बसवतं. आम्ही त्याला रिंग म्हणतो. साडेसहा मीटर व्यासाचं दीड मीटर खणलं की पन्नास घनमीटर दगड निघतो. फुटल्यावर तो फुगतो, ऐंशीच्या घरात जातो. म्हणजे एका रिंगमागे सहा ते आठ डंपर. दिवसाला सात रिंगा बसवायच्या तर पन्नास डंपर, आणि दक्षिण मुंबईत दिवसा अवजड वाहनांना वेळेची बंधनं. उरते रात्र. रात्री चालवले तर रहिवाशांची झोप उडते, आणि ती तक्रार शंभर टक्के खरी असते. २०१७ मध्ये कफ परेडचं प्रकरण असंच उच्च न्यायालयात गेलं आणि काही महिने रात्रीचं काम थांबलं. मशीन दहा मीटर जाऊ शकतं, पण डंपर निघाले नाहीत तर ते तीनच मीटर जातं.

जमिनीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जुन्या इमारतीत राहता म्हणून सांगायला हवं. मुंबईखालचा दगड एकूण चांगला. बेसॉल्ट कठीण असतो, बोगदा सहसा तोलून धरतो. अडचण येते ती थर बदलतात तिथे. वर भरणीची माती किंवा खाडीचा गाळ आणि खाली कातळ, आणि मशीनचं तोंड अर्धं यात, अर्धं त्यात. वरचा भाग लोण्यासारखा निघतो, खालचा निघत नाही, आणि तोंडावरचा दाब थोडा जरी चुकला तर वरची माती जास्तीची आत येते. ती जिथून आली तिथे पोकळी होते आणि रस्ता किंवा पाया खचतो. कोलकात्याच्या बहूबाजारात ३१ ऑगस्ट २०१९ ला मशीनला पाण्याचा थर लागला, घरांना तडे गेले, काही पडली, शेकडो माणसांना रात्रीतून घर सोडावं लागलं. २०२२ मध्ये तिथेच पुन्हा दोनदा तडे गेले. तो तुकडा अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. कोलकात्याची माती वेगळी, गंगेच्या गाळाची. मुंबईत असंच होईल असं मी म्हणत नाही. पण पाणी आणि सैल माती एकत्र आली की कुठल्याही शहरात सावधच राहावं लागतं.

गिरगाव आणि काळबादेवीला आणखी निराळा पेच होता. तिथे वरून मोठा खड्डा घ्यायला रस्ताच नाही. म्हणून लहान जागेतून खाली उतरून, दगड थोडा थोडा फोडत, लगेच काँक्रीट फवारून आणि बोल्ट मारून आतल्या आत स्थानक घडवलं. तरीही काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या कुटुंबांचं त्याच भागात पुनर्वसन करण्याची योजना आखावी लागली. पारशी समाजाच्या आतश बेहरामांजवळून, म्हणजे अग्निमंदिरांजवळून, बोगदा जातो म्हणून तो वादही उच्च न्यायालयात चालला. या सगळ्यात इंजिनिअरिंग निम्मं असेल, उरलेलं निम्मं बैठका, करार आणि वकील.

आणि डेपो. मेट्रो ३ च्या उशिराबद्दल लोक बोगद्याकडे बोट दाखवतात, मी डेपोकडे दाखवेन. गाड्या रात्री ठेवायच्या कुठे, धुवायच्या कुठे, खालून तपासायच्या कुठे, हे ठरल्याशिवाय मार्गावर एक गाडीही चाचणीला आणता येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये डेपोसाठी आरेत झाडं तोडली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२० मध्ये डेपो कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. त्याच डिसेंबरमध्ये त्या जागेवर उच्च न्यायालयाची स्थगिती आली. जुलै २०२२ मध्ये डेपो परत आरेत. झाडांसाठी उभ्या राहिलेल्या लोकांचा मुद्दा मला कधीच फालतू वाटला नाही. उलट जागेचा वाद बोगद्याचं कंत्राट देण्याआधीच तडीस न्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा ही की ती, यापेक्षा दोन-अडीच वर्षं कुठलीच नक्की नसणं जास्त महाग पडतं. सुरुवातीला २३,१३६ कोटींचा असलेला प्रकल्प ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. सगळी वाढ डेपोमुळे नाही, पण थांबलेल्या कामाचंही व्याज चढत असतं.

बोगदे २०२२ च्या अखेरीस झाले, तरी आरे ते बीकेसी सुरू झालं ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुढे आचार्य अत्रे चौकापर्यंत मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात काय चालू होतं, असं बाहेरच्याला वाटणं साहजिक आहे. रूळ, वरची वीज, सिग्नल, फलाटावरचे काचेचे दरवाजे, धूर बाहेर काढणारे महाकाय पंखे, पंप, सरकते जिने, लिफ्ट. प्रत्येकाचा कंत्राटदार वेगळा, आणि प्रत्येक गोष्ट एकटी असताना उत्तम चालते. गाडीचा दरवाजा आणि फलाटाचा दरवाजा एकमेकांसमोर येऊन एकाच वेळी उघडायचे, तर गाडीचे ब्रेक, सिग्नलचा संगणक आणि दरवाज्याची मोटर या तिघांचं जमावं लागतं. ते जमवण्यात महिने जातात. मग आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या चाचण्या, त्यानंतर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. त्यांच्या सहीशिवाय प्रवासी घेता येत नाहीत, मग उद्घाटनाची तारीख कोणीही जाहीर केलेली असो.

टप्प्याटप्प्याने उघडण्याचीही किंमत असते. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि २६ मे रोजी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, तेही बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराच्या बाजूने. धावतं स्थानक आणि अर्धवट प्रवेशद्वार शेजारी शेजारी असलं की तात्पुरत्या भिंतीवर कायमच्या भिंतीइतका भार येतो. देखभालीच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, सगळी दारं पूर्ण होईपर्यंत थांबा. प्रवाशाला विचाराल तर तो म्हणेल, जेवढं झालंय तेवढं उघडा. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आता रात्रीचं. लोकल एकपर्यंत चालते याचं एक कारण चर्चगेट-विरार आणि सीएसएमटी-कल्याणवर किमान चार मार्ग आहेत. धीमा बंद ठेवला तर गाड्या जलदवरून काढता येतात, आणि तरीही रविवारचा मेगाब्लॉक चुकत नाही. हार्बरवर दोनच मार्ग आहेत, म्हणून तिथे ब्लॉक असला की त्या तुकड्यातली सेवाच बंद. मेट्रो या बाबतीत हार्बरसारखी आहे: जायला एक, यायला एक. फरक इतकाच की मेट्रो तो ब्लॉक रोज रात्री घेते, म्हणून रविवारी घ्यावा लागत नाही. न्यूयॉर्क चोवीस तास चालतं ते तिथल्या बऱ्याच मार्गांवर चार रूळ असल्यामुळे. लंडनने २०१६ पासून रात्रीची सेवा दिली, पण ती शुक्रवार-शनिवारपुरती आणि मोजक्याच मार्गांवर.

साडेदहाला टोकावरून सुटलेली शेवटची गाडी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत साडेअकरा होतात. ती जागेवर लागली की २५ हजार व्होल्टची वीज नियंत्रण कक्षातून बंद होते. बंद झाल्याचा निरोप आला तरी कोणी वायरला हात लावत नाही. आधी वायर जमिनीला जोडणारे अर्थिंगचे दांडे लावायचे, त्यांचे नंबर फोनवरून वाचून दाखवायचे, मग परमिटवर वेळ टाकून सही. इथपर्यंत बारा-साडेबारा. सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि वर हत्यारांची मोजणी. नेलेला एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत वीज सोडत नाहीत. शिवाय पहिली प्रवासी गाडी सुटण्याआधी एक रिकामी गाडी पूर्ण मार्गावर सावकाश फिरवतात. हातात प्रत्यक्ष कामाचे तीनेक तास उरतात, तेवढ्यात रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या पॉइंटचं तेलपाणी, दरवाज्यांची जुळणी, झिरपणाऱ्या सांध्यांत ग्राउटिंग म्हणजे पातळ सिमेंट भरणं, सांडपाण्याचे पंप. पावसाळ्यात पंप सगळ्यांत आधी. वेळ अर्धा-पाऊण तास वाढवणं जमू शकतं आणि मागणी असेल तर ते मागावंच. पण एकपर्यंत चालवा म्हणाल तर ते वाढीव अडीच तास थेट या तीन तासांतून जातात.

दर दोन मिनिटांनी गाडी का नाही, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. आरे ते कफ परेड आणि परत, टोकाला गाडी फिरवण्यासकट, दोन तासांची फेरी धरा. पाच मिनिटांच्या अंतराने गाड्या हव्यात तर १२० भागिले ५, म्हणजे २४ गाड्या सतत मार्गावर. काही राखीव, काही डेपोत तपासणीच्या पिट लाइनवर. मेट्रो ३ साठी आठ डब्यांच्या ३१ गाड्या घेतल्या आहेत. अंतर तीन मिनिटांवर आणायचं तर मार्गावरच चाळीस लागतील. सिग्नल ते पेलू शकतो. पण गाड्या विकत घ्याव्या लागतात आणि त्या ठेवायला पुन्हा डेपोत जागा लागते.

तुमच्या मार्गाला किती वर्षं, याचा आकडा मी देणार नाही. दोन गोष्टींवर नजर ठेवा. डेपोची जागा वादाशिवाय ताब्यात आली का, आणि बोगद्याचं कंत्राट निघण्याआधी पाणी-गटार-केबली हलवायचं काम सुरू झालं का. दोन्ही झालं असेल तर जाहीर झालेल्या तारखेवर थोडाफार विश्वास ठेवायला हरकत नाही. तुमच्या गल्लीत हाताने खणलेले खड्डे दिसू लागले तर ते चांगलं लक्षण समजा, त्रासिक चेहरा करू नका.

इमारतीपुरतं सांगायचं तर काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचं सर्वेक्षण होतं. असलेल्या तड्यांचे फोटो, त्यांची रुंदी, जुने गळके कोपरे, जिन्याचे टेकू, सगळं नोंदवतात. नंतर भिंतींवर मोजपट्टीच्या खुणा असलेले छोटे काचेचे तुकडे लावतात, तडा वाढला तर त्यावर कळतं. ते तुकडे रंगकामात पुसू देऊ नका. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडचे जुने कागद आत्ताच शोधून ठेवा. सर्वेक्षणाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि तुमचे स्वतःचे फोटो तारखेसकट वेगळे ठेवा. काही खोल्यांचे भाडेकरू गावाला असतील, मालक दुसरीकडे राहत असेल, तर चाव्या कोणाकडे आहेत हे आधी ठरवा. बंद खोलीपुढे ‘प्रवेश मिळाला नाही’ असा शेरा पडतो आणि पुढे तिथे तडा दिसला तर तो आधीचा की नंतरचा, हे कोणालाच दाखवता येत नाही.